सायबर फसवणूक : शिक्षेची कलमे पुष्कळ, नुकसानीचा वाली कोण?

नवी दिल्ली : हरियाणातील अंबाला येथील एका वृद्ध दाम्पत्याने पाठवलेल्या पत्राची सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी स्वतःहून दखल घेतली. तपास यंत्रणांचे अधिकारी असल्याचे भासवणाऱ्या भामट्यांनी या दाम्पत्याला तथाकथित 'डिजिटल अरेस्ट'मध्ये ठेवून एक कोटी रुपयांहून अधिक रक्कम उकळली होती. त्यासाठी वापरलेले हत्यार मात्र नेहमीचे नव्हते. दाम्पत्याला दाखवण्यात आलेले आदेश खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या नावाचे होते आणि त्यांवर बनावट शिक्के व स्वाक्षऱ्या होत्या. न्यायसंस्थेच्या नावाचाच असा गैरवापर हा जनतेच्या विश्वासावरचा आघात आहे, अशी भूमिका घेत न्यायालयाने केंद्र सरकार व केंद्रीय अन्वेषण विभागाला (सीबीआय) नोटीस बजावली. पुढील सुनावणीत देशभरातून अशाच रीतीने सुमारे तीन हजार कोटी रुपये उकळले गेल्याची माहिती न्यायालयासमोर आली. १ डिसेंबर रोजी सरन्यायाधीश सूर्य कांत यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने 'डिजिटल अरेस्ट'च्या प्रकरणांचा तपास प्राधान्याने सीबीआयकडे सोपवला आणि ज्या राज्यांनी या तपास यंत्रणेला सर्वसाधारण संमती दिलेली नाही, त्यांनाही या प्रकरणांपुरती संमती देण्यास सांगितले.

या आदेशातील तपासाचा भाग वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आला. त्याच आदेशात आणखी दोन गोष्टी होत्या आणि दूरच्या काळाचा विचार केला तर त्यांचे वजन अधिक आहे. फसवणुकीच्या पैशासाठी खाती उघडून देणाऱ्या बँक कर्मचाऱ्यांची भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली चौकशी करण्याची मोकळीक न्यायालयाने सीबीआयला दिली. तसेच अशी खाती वेळीच ओळखून गोठवण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित यंत्रणा कधी राबवली जाणार, अशी विचारणा रिझर्व्ह बँकेला केली. म्हणजे भामट्याकडे लागलेले न्यायालयाचे लक्ष त्याच्या वाटेकडेही वळले आहे. ही वाट सिमकार्ड, संदेशवाहक ॲप आणि बँक खाते अशा तीन टप्प्यांची असते. प्रत्येक टप्प्यावर एक परवानाधारक किंवा नोंदणीकृत संस्था उभी असते, आणि पैसा गेल्यावर यांपैकी कोणाचे किती चुकते, हे भारतीय कायदा अद्याप स्पष्टपणे सांगत नाही.

प्रश्नाचा आकार गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या आकडेवारीवरून कळतो. सायबर आर्थिक फसवणुकीत २०२३ मध्ये नागरिकांचे ७,४६५ कोटी रुपये गेले. २०२४ मध्ये हाच आकडा २२,८४५ कोटींवर गेला, म्हणजे एका वर्षात तिपटीहून अधिक झाला.

स्पॅमविरोधी तरतूद आली आणि गेली

कायद्याने या विषयाला हात घातला तो ई-मेलपासून. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला तेव्हा त्यात नको असलेल्या मेलविषयी काहीच नव्हते. बनावट मेल पाठवून माहिती काढून घेण्याच्या 'फिशिंग'च्या प्रकाराला भारतीय न्यायालयात पहिल्यांदा नाव मिळाले ते मार्च २००५ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयात. सॉफ्टवेअर उद्योगाची संघटना 'नॅसकॉम'च्या नावाने मेल पाठवून लोकांची वैयक्तिक माहिती गोळा केली जात होती. फिशिंगविरोधी कायदाच नसल्याने न्यायालयाला व्यापारचिन्हाच्या कायद्यातील तत्त्वांचा, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवण्याविरुद्धच्या जुन्या नियमांचा आधार घ्यावा लागला. ते प्रकरण सोळा लाख रुपयांच्या भरपाईवर मिटले.

२००८ च्या दुरुस्तीने ही उणीव भरून निघाल्यासारखे वाटले. नव्या कलम ६६-अ च्या तिसऱ्या उपखंडात, त्रास किंवा गैरसोय व्हावी म्हणून, अथवा मेल कोठून आला याविषयी दिशाभूल करण्यासाठी पाठवलेला ई-मेल हा गुन्हा ठरवला गेला आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. भारताच्या कायद्यात स्पॅमच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद हीच. पण तिच्या शेजारच्या उपखंडांतील शब्द इतके सैल होते की कलमाचा वापर भलतीकडेच झाला. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिणाऱ्या व त्या मजकुराला पसंती देणाऱ्या पालघरच्या दोन तरुणींना याच कलमाखाली अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या 'श्रेया सिंघल' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी संपूर्ण कलम घटनाबाह्य ठरवले. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने निकाल योग्यच होता. मात्र त्याबरोबर ई-मेलविषयीचा उपखंडही गेला आणि त्याच्या जागी नेमक्या शब्दांची, केवळ स्पॅमपुरती तरतूद करण्याचे काम कोणत्याही सरकारने हाती घेतले नाही. त्या निकालाला दशक उलटले तरी भारताला स्वतंत्र स्पॅमविरोधी कायदा नाही.

इतर देशांत असे कायदे आहेत, पण त्यांचा अनुभव संमिश्र आहे. अमेरिकेने २००३ साली 'कॅन-स्पॅम' कायदा केला. आधी मेल पाठवण्याची मुभा आणि नको म्हटल्यावर दहा कामकाजी दिवसांत थांबण्याचे बंधन, असे त्याचे सूत्र आहे. पूर्वसंमतीची अट घालणारा कॅलिफोर्नियाचा अधिक कडक कायदा अमलात येण्याच्या दिवशीच, १ जानेवारी २००४ रोजी, केंद्रीय कायद्याने त्याला निष्प्रभ केले. 'कॅन-स्पॅम' म्हणजे 'यू कॅन स्पॅम', असा टोला तेव्हापासून टीकाकार लगावत आले आहेत. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात आणि कॅनडाने २०१४ पासून उलट वाट धरली. तेथे ग्राहकाने आधी होकार दिल्याशिवाय व्यापारी मेल पाठवता येत नाही. कॅनडात कंपन्यांना एक कोटी कॅनेडियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. या कायद्यांमुळे नाव-पत्ता असलेल्या कंपन्या शिस्तीत आल्या. नाव-पत्ताच खोटा असलेल्यांना दंडाचे भय नव्हते आणि आजही नाही.

प्रत्यक्षात ई-मेलच्या पेटीतील कचरा कमी केला तो कायद्यापेक्षा सेवा पुरवठादारांच्या गाळणीने. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांवर अटी घातल्या. दिवसाला पाच हजारांहून अधिक मेल पाठवणाऱ्यांनी आपली ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करावी, एका क्लिकमध्ये नकार देण्याची सोय ठेवावी आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली राखावे, अशा त्या अटी आहेत. भारतीय नागरिकाच्या ई-मेलचे आज जे काही संरक्षण होते, ते अशा खासगी नियमांमुळे. ते उपयुक्त आहेत, पण त्यांवर संसदेत चर्चा झालेली नाही आणि ते मोडले गेल्यास नागरिकाला भारतातील कोणत्याही कार्यालयात दाद मागता येत नाही.

दूरध्वनी आणि लघुसंदेशांबाबत चित्र बरेच वेगळे आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) २००७ पासून या क्षेत्रात एकामागून एक नियम आणले. २०१८ च्या नियमांनी व्यापारी संदेश पाठवणाऱ्या प्रत्येक संस्थेला, तिच्या संदेशशीर्षकाला आणि संदेशाच्या मसुद्यालाही आगाऊ नोंदणी सक्तीची केली, आणि ही नोंद कोणालाही गुपचूप बदलता येणार नाही अशा सामायिक डिजिटल खातेवहीत ठेवली. ऑक्टोबर २०२४ पासून संदेशातील दुवेही आधी मंजूर करून घ्यावे लागतात. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी नसलेल्या क्रमांकाविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई होऊ शकते. कारवाईची मुदत तीस दिवसांवरून पाच दिवसांवर आली. हयगय करणाऱ्या दूरसंचार कंपन्यांना दोन लाखांपासून दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परदेशातून येणारे, पण भारतीय क्रमांक दाखवणारे फोन अडवणारी यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांतच १.३५ कोटी फोन अडवल्याचे दूरसंचार विभागाने सांगितले होते.

एवढी काटेकोर व्यवस्था उभी राहिली आणि भामट्यांनी रस्ता बदलला. व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर ट्रायची खातेवही चालत नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात 'संदेश' या शब्दाची व्याख्या व्यापक आहे, पण संदेशवाहक ॲप त्यात येत नाहीत, ती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कक्षेत राहतील, असे तेव्हाचे दूरसंचारमंत्री अश्विनी वैष्णव यांनी कायदा मंजूर होताच स्पष्ट केले होते. दोन मंत्रालयांमधील ही सीमारेषा कागदावर सरळ दिसते. फसवणुकीत मात्र पहिला फोन साध्या क्रमांकावरून येतो, पुढचे संभाषण व्हिडिओ कॉलवर होते आणि पैसे युपीआयने जातात.

ही फट बुजवण्याचा प्रयत्न दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने केला. ज्या सिमकार्डावर ॲप नोंदवले ते फोनमध्ये चालू स्थितीत असेल तरच ॲप चालावे आणि संगणकावरील जोडणी दर सहा तासांनी तुटावी, असे संदेशवाहक ॲपना सांगण्यात आले. भारतीय सिमवर ॲप नोंदवून ते परदेशातून चालवण्याच्या पद्धतीवर हा उपाय नेमका आहे. पण त्याच सुमारास नव्या फोनमध्ये सरकारचे 'संचार साथी' ॲप आधीपासूनच घालून देण्याची सक्तीही कंपन्यांवर करण्यात आली. पाळतीची शंका उपस्थित झाली, विरोधकांनी व गोपनीयतेच्या पुरस्कर्त्यांनी आवाज उठवला आणि ३ डिसेंबरला सरकारने ती सक्ती मागे घेतली. फसवणूक थांबवण्याच्या नावाखाली काय काय मागता येते, याबाबत पालघरच्या अटकेनंतर समाज सावध झाला आहे. सरकारला पुढची पावले टाकताना ही सावधगिरी गृहीत धरावी लागेल.

'चारसोबीस'ची नवी कलमे

मराठीत लबाड माणसाला 'चारसोबीस' म्हणतात तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० चा प्रताप. योगायोग असा की नायजेरियातही याच धंद्याला तेथील फौजदारी कायद्याच्या कलमावरून 'फोर-वन-नाइन' हे नाव पडले. अडकलेला वारसा सोडवण्यासाठी थोडे पैसे पाठवा, मोठा वाटा मिळेल, अशी गळ घालणारे मेल एकेकाळी जगभर त्याच नावाने ओळखले जात. १ जुलै २०२४ पासून भारतात ४२० ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ ने घेतली. तोतयेगिरीने फसवणुकीसाठी ३१९, सरकारी अधिकाऱ्याचे सोंग घेण्यासाठी २०४, खंडणीसाठी ३०८ आणि या सर्वांच्या जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६-क व ६६-ड ही कलमे, अशी आज शिक्षेच्या तरतुदींची रेलचेल आहे. फसवून सिमकार्ड मिळवणाऱ्याला दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

उणीव कलमांची नाही, त्यांच्या पकडीची आहे. संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवण्यासाठीचे ६६-ड हे कलम जामीनपात्र आहे. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्यातील गुन्ह्यांचा तपास पोलीस निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, त्यामुळे लाखो तक्रारींसाठी मोजकेच तपास अधिकारी उरतात. न्याय संहितेच्या कलम १११ ने सायबर गुन्ह्यांना संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत आणले, ही मोठी भर होती. पण महाराष्ट्राच्या 'मकोका'तून उचललेल्या या व्याख्येत, आधीच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल झाली असली पाहिजेत, ही अटही तशीच आली. खंडणीबहाद्दर टोळीच्या म्होरक्यावर अशी आरोपपत्रे असतात. पाच-दहा हजार रुपयांसाठी आपले बँक खाते भाड्याने देणाऱ्या विद्यार्थ्यावर किंवा बेरोजगारावर ती क्वचितच असतात, आणि पोलिसांच्या हाती प्रथम लागतो तो हाच.

पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेला निकाल या संदर्भात पाहण्यासारखा आहे. नदिया जिल्ह्यातील एका निवृत्त शास्त्रज्ञाकडून 'डिजिटल अरेस्ट'च्या धाकाने सुमारे एक कोटी रुपये उकळल्याबद्दल नऊ जणांना जन्मठेप झाली. या प्रकारातील देशातील ही पहिली दोषसिद्धी असल्याचे सांगितले जाते. दोषी महाराष्ट्र, हरियाणा आणि गुजरातमधील होते. फोन मात्र कंबोडियातून आले होते. शिक्षा कडक झाली, तपास यंत्रणेचे काम नमुनेदार झाले, पण शिक्षा झाली ती देशातील पैसा फिरवणाऱ्या साखळीला. फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेले लोक न्यायालयाच्या हातात नव्हते.

ते टोक गाठण्यासाठी परदेशांशी करार लागतात, आणि तेथे भारताची स्थिती अवघड आहे. सायबर गुन्ह्यांविषयीच्या २००१ च्या बुडापेस्ट कराराचा भारत सदस्य नाही. तो मसुदा ठरवताना आपल्याला सहभागी करून घेतले नव्हते, असा भारताचा आक्षेप राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २४ डिसेंबर २०२४ रोजी स्वीकारलेल्या नव्या कराराच्या वाटाघाटीत भारताने भाग घेतला, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये हनोई येथे तो स्वाक्षरीसाठी खुला झाला तेव्हा सह्या करणाऱ्यांत भारत नव्हता. चाळीस देशांनी मान्यता दिल्यावर तो अमलात येईल. तोपर्यंत द्विपक्षीय कायदेशीर साहाय्याच्या संथ वाटेनेच पुरावे मागवावे लागतील, आणि पैसा तर काही मिनिटांत चार-पाच खाती ओलांडून आभासी चलनात रूपांतरित होतो.

सीमेपलीकडच्या टोकाला कोण बसले आहे, हाही प्रश्न साधा नाही. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या म्यावाडी परिसरातील फसवणूक केंद्रांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमार्गे परत आणण्यात आले. संगणकाच्या नोकरीचे आमिष दाखवून नेलेल्या अनेकांचे पारपत्र काढून घेण्यात आले होते आणि त्यांना मारहाणीच्या धाकाने फोन करायला बसवले होते. न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार ते मानवी तस्करीचे बळी आहेत. त्यांच्या फोनमुळे ज्याची आयुष्यभराची पुंजी गेली, त्याच्या तक्रारीत ते आरोपी आहेत. एकाच माणसाच्या या दोन ओळखींचा मेळ कसा घालायचा, याची कोणतीही कार्यपद्धती कायद्यात दिलेली नाही.

१०५ रुपये आणि गोठलेले खाते

भामटा हाती लागत नसेल तर निदान पैसा अडवावा, या विचारातून १९३० ही मदतवाहिनी आणि तिच्यामागची यंत्रणा २०२१ पासून उभी राहिली. तक्रार येताच पैसा ज्या बँकेत गेला तिला संदेश जातो, तिने पुढे पाठवला असेल तर त्या पुढच्या बँकेला, आणि जेथे शिल्लक सापडेल तेथे ती अडवली जाते. कल्पना उत्तम आहे आणि तिचा उपयोगही झाला आहे. २०२५ च्या मध्यापर्यंत १७.८२ लाखांहून अधिक तक्रारींमध्ये ५,४८९ कोटी रुपये वाचवल्याचे गृह मंत्रालयाने संसदेला सांगितले. चार वर्षांतील हा आकडा २०२४ या एकाच वर्षात गेलेल्या रकमेच्या पावपट आहे.

अडवलेला पैसा तक्रारदाराच्या हाती पडायला २०२५ पर्यंत पुन्हा न्यायालयाचा आदेश लागत असे आणि त्यात महिने जात. दुसरीकडे, ज्यांचा फसवणुकीशी संबंध नाही अशा लोकांच्या खात्यांवर टाच येते. दिल्लीत छोले-भटुरे विकणाऱ्या एका व्यावसायिकाचे संपूर्ण खाते गोठवले गेले, कारण त्यात युपीआयने आलेल्या १०५ रुपयांचा माग एका सायबर गुन्ह्यापर्यंत जात होता. कोणी तरी फसवणुकीच्या पैशातून त्याच्याकडे जेवून गेले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये खाते खुले करण्याचा आणि फक्त १०५ रुपये अडवून ठेवण्याचा आदेश दिला. केरळ उच्च न्यायालयाने तर २०२३ मध्येच, टाच वादग्रस्त रकमेपुरतीच असावी, अशी दिशा दाखवली होती. तरीही असेच अर्ज निरनिराळ्या उच्च न्यायालयांत येत राहिले.

यामागे कायद्यातील संदिग्धता आहे. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०६ पोलिसांना संशयित मालमत्ता स्वतःहून ताब्यात घेण्याचा अधिकार देते. गुन्ह्यातून मिळालेली मालमत्ता जप्त करून बळींमध्ये वाटण्यासाठीचे कलम १०७ नवे आहे आणि त्यात दंडाधिकाऱ्याचा आदेश आवश्यक आहे. बँक खाते यांपैकी कोणत्या कलमाखाली गोठवायचे, यावर उच्च न्यायालयांची मते एकसारखी नाहीत. पोलीस साहजिकच सोपा मार्ग निवडतात. एका राज्यातील सायबर ठाण्याच्या ई-मेलवर दुसऱ्या राज्यातील दुकानदाराचे खाते बंद होते आणि त्याला खुलासा करायला हजार किलोमीटरवरच्या ठाण्याशी पत्रव्यवहार करावा लागतो. वकील करणे परवडते तो उच्च न्यायालयात जातो. बाकीचे थांबून राहतात. युपीआयवर विश्वास ठेवून रोखीचा गल्ला सोडलेल्या छोट्या विक्रेत्याला बसलेला हा फटका फसवणुकीच्या आकडेवारीत कोठेही मोजला जात नाही.

चूक कोणाची, भरपाई कोणाची

आता मूळ प्रश्न. पैसा गेला, भामटा परदेशात आहे, खात्यात शिल्लक नाही. नुकसान कोणी सोसायचे?

रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक या बाबतीत आधारभूत राहिले आहे. बँकेची चूक असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक दोघांचीही नसेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तरीही शून्य. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर. हे नियम ग्राहकाच्या बाजूचे आहेत, पण त्यांची सारी उभारणी 'अनधिकृत व्यवहार' या शब्दांवर आहे. ग्राहकाने स्वतः गुप्त संकेतांक दिला किंवा स्वतःच पैसे पाठवले, तर तो त्याचा निष्काळजीपणा आणि कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याचे. २०१७ साली, कार्डाची चोरून नक्कल होण्याच्या काळात ही विभागणी समजण्यासारखी होती. अंबाल्याच्या दाम्पत्यासारख्या बळींच्या बाबतीत मात्र बँकेच्या नोंदीत व्यवहार अगदी अधिकृत दिसतो. फोनवरच्या खोट्या अधिकाऱ्याच्या आणि पडद्यावरच्या खोट्या न्यायालयाच्या दहशतीखाली बटण त्यांनीच दाबलेले असते.

न्यायालये ही चौकट थोडी सैल करू लागली आहेत. आसाममधील एका ग्राहकाने कपड्यांच्या खरेदीचा परतावा मिळवण्याच्या नादात बनावट मदत केंद्राच्या सांगण्यावरून फोनमध्ये ॲप घेतले आणि त्याच्या खात्यातून ९४ हजार रुपये गेले. त्याने चोवीस तासांच्या आत बँकेला कळवले होते. गुवाहाटी उच्च न्यायालयाने भारतीय स्टेट बँकेला जबाबदार धरले आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. बँकांकडे आज जे तंत्रज्ञान आहे ते पाहता त्यांनी अधिक दक्ष असायला हवे, हे त्यामागचे सूत्र. पण त्या खटल्यातही व्यवहार 'अनधिकृत' ठरला म्हणून दिलासा मिळाला. ज्याने धाकापोटी स्वतः पैसे पाठवले, त्याला या निकालाचा थेट आधार नाही.

निष्काळजीपणाची कसोटी लावताना संस्थांचे स्वतःचे वर्तनही पाहावे लागेल. अनेक वर्षे बँकाच ग्राहकांना दुवे असलेले संदेश पाठवत होत्या; खरा कोणता आणि खोटा कोणता, हे ग्राहकाने कशावरून ठरवायचे? रिझर्व्ह बँकेने आता सर्व बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या राखीव संकेतनामाखाली आणले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली, हे उशिरा का होईना पण योग्य झाले. पोलिसांचेही तसेच. हजर राहण्याच्या नोटिसा व्हॉट्सॲपवर पाठवणे कायदेशीर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२५ मध्ये सांगावे लागले. ज्या देशात खरे पोलीस व्हॉट्सॲपवर नोटीस पाठवत होते, तेथे खोट्या पोलिसाच्या नोटिशीवर विश्वास ठेवणाऱ्याला भोळा म्हणणे सोपे आहे, न्याय्य नाही.

ब्रिटनने हा पेच सोडवण्यासाठी 'अधिकृत' आणि 'अनधिकृत' हा भेदच बाजूला ठेवला. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तेथे फसवणुकीने स्वतः पैसे पाठवलेल्या ग्राहकालाही ८५ हजार पौंडांपर्यंत भरपाई मिळते. अपवाद घोर निष्काळजीपणाचा, आणि असहाय्य ग्राहकांना तोही लागू नाही. भरपाईचा निम्मा भार पैसे पाठवणाऱ्या बँकेवर, निम्मा स्वीकारणाऱ्या बँकेवर. यातला दुसरा निम्मा भाग भारतासाठी अधिक मोलाचा आहे. भाड्याचे खाते ज्या बँकेत उघडले गेले तिला प्रत्येक फसवणुकीची किंमत मोजावी लागली, तर खाते उघडताना आणि त्यात अचानक लाखो रुपये येताना ती आपोआप डोळे उघडे ठेवील. सिंगापूरने डिसेंबर २०२४ पासून बँक आणि दूरसंचार कंपनी यांच्यात क्रमवार जबाबदारी ठरवली, पण ती केवळ फिशिंगपुरती. जुलै २०२५ पासून तेथील पोलिसांना, समजावूनही न ऐकणाऱ्या बळीच्या स्वतःच्या खात्यातील व्यवहार काही काळ रोखण्याचा अधिकारही मिळाला आहे. ऑस्ट्रेलियाने फेब्रुवारी २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने बँका आणि दूरसंचार कंपन्यांबरोबर समाजमाध्यमांनाही कर्तव्ये लावली आणि कसूर झाल्यास सुमारे पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंडाची तजवीज केली.

भारतात हे जसेच्या तसे उचलता येणार नाही. युपीआयवरील व्यवहारांची संख्या प्रचंड आहे, सरासरी रक्कम लहान आहे आणि व्यवहारावर शुल्क नसल्याने भरपाईचा खर्च कोठून काढायचा, हा बँकांचा प्रश्न खोटा नाही. संगनमताने खोटे दावे होतील, ही भीतीही रास्त आहे. जनधन खात्यांसारखी छोटी खाती उघडताना बँका आडकाठी करू लागल्या तर आर्थिक समावेशनाचे दशकभराचे काम मागे जाईल. पण भरपाई सरसकट आणि संपूर्ण असायलाच हवी, असे नाही. खाते भाड्याचे असल्याचा इशारा मिळूनही स्वीकारणाऱ्या बँकेने ते चालू ठेवले, तर त्यानंतरच्या रकमेपुरती जबाबदारी तिची, एवढा नियम रिझर्व्ह बँकेला नवा कायदा न करता परिपत्रकाने घालता येण्याजोगा आहे. अशी खाती ओळखण्यासाठी तिच्याच नवोन्मेष केंद्राने 'म्यूलहंटर' ही प्रणाली तयार केली आहे, आणि दूरसंचार विभाग मे २०२५ पासून संशयास्पद मोबाइल क्रमांकांची जोखीम-श्रेणी बँकांना पुरवत आहे. इशारा देणारी व्यवस्था उभी आहे. तो डावलल्याचा हिशोब कोणाकडे मागायचा, हे लिहिलेले नाही.

समाजमाध्यमांचा प्रश्न याहून कठीण आहे. बनावट गुंतवणूक योजनांच्या जाहिराती पैसे घेऊन दाखवल्या जातात आणि तरीही माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ मंचांना मध्यस्थ म्हणून संरक्षण देते. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने फोन क्रमांकांच्या खुल्या बाजाराला आळा बसण्याची आशा आहे. कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने लागू होण्यास त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत आहे. तोवर निवृत्त कर्मचाऱ्यांच्या, विमाधारकांच्या आणि डीमॅट खातेदारांच्या याद्या विकल्या जात राहतील.

सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयला तपासाचा क्रमही आखून दिला आहे. आधी 'डिजिटल अरेस्ट', नंतर गुंतवणुकीच्या आमिषाची आणि अर्धवेळ नोकरीच्या नावाखालील फसवणूक. डिसेंबर २०२५ च्या आदेशाच्या वेळी भाड्याच्या खात्यांविषयी रिझर्व्ह बँकेचे म्हणणे त्यात यायचे होते. ते म्हणणे केवळ यंत्रणेच्या तांत्रिक क्षमतेपुरते राहते, की २०१७ च्या परिपत्रकातील 'अनधिकृत' या शब्दापर्यंत पोहोचते, यावर अंबाल्याच्या दाम्पत्यासारख्या तक्रारदारांची नुकसानभरपाई अवलंबून असेल.